दुखणे हल्याला, औषध पखालीला!

भोकर, अर्धापूर, मुदखेडच्या रानांत हळदीचे पान पिवळे पडले की शेतकरी खताच्या दुकानाकडे धावतो. दुकानदार पान पाहत नाही, माती विचारीत नाही. युरियाची गोणी पुढे सरकवितो. पंधरा दिवसांनी पान पुन्हा पिवळेच! मग दुसरी गोणी. ही शेती म्हणावी की लूट?

शेतकरी बंधूंनो, पिवळेपणाची जात ओळखा. नत्र कमी पडले म्हणजे खालची जुनी पाने आधी पिवळी होतात. वरचे कोवळे पान पिवळे पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर ती लोहाची उणीव समजावी. चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह असते, पण चुन्यामुळे ते मुळांस लागत नाही. तेथे युरिया ओतणे म्हणजे दुखणे हल्याला आणि औषध पखालीला! हिराकस शेणखतात मुरवून द्यावा, किंवा 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम घालून फवारावा. खर्च थोडा, पण त्यात दलालाचे पोट भरत नाही, म्हणून तो कोणी सांगत नाही.

फुटकी घागर भोकापर्यंतच भरते. वरून कितीही पाणी ओता. पिकाचेही तसेच. जे अन्न सर्वांत कमी, त्याच्यावर उत्पन्न अडते. हा नियम जर्मन पंडित लीबिख याने एकोणिसाव्या शतकातच जगापुढे मांडला.

हळदीस हेक्टरी 200 किलो नत्र, 100 किलो स्फुरद व 100 किलो पालाश, अशी कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. म्हणजे एकरी नत्र 80 किलो. युरियाच्या 45 किलोच्या सुमारे 4 गोण्या झाल्या. त्याही एकदम नव्हेत. स्फुरद व पालाश लागणीच्या वेळी. नत्र अर्धे दीड महिन्याने, उरलेले भरणीस. त्यावर, आणि त्यातही उशिरा, नत्र दिले तर पाला माजतो व गड्डा पोसत नाही. बटाट्याचीही हीच गत. बांधावरून शेत हिरवेगार दिसते. काढणीस हळकुंड बोटाएवढे!

हा दोष एकट्या दुकानदाराचा नव्हे. 1 एप्रिल 2010 पासून स्फुरद-पालाशाच्या खतांस ठराविक अनुदान देऊन सरकारने त्यांचे भाव मोकळे सोडले. युरियाचा भाव मात्र बांधलेला राहिला. स्वस्त तेच हातात येणार! शेतकऱ्यास अडाणी म्हणणाऱ्या शहाण्यांनी आधी हा हिशेब वाचावा.

मातीच्या आरोग्यपत्रिकेची योजना 19 फेब्रुवारी 2015 रोजी सुरू झाली. तीत 12 गोष्टींची तपासणी आहे. पण पत्रिका पेटीत पडून राहिली तर पीक वाढेल काय? उन्हाळ्यात शेतातील आठ-दहा जागची वीतभर खोल माती घ्या; बांध, उकिरडा व झाडाखालची टाळा. ती मिसळून अर्धा किलो माती जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत द्या. जे कमी तेवढेच विकत घ्या.

दुकानात साठा व भाव फळ्यावर लावणे आणि पावती देणे 1985 च्या खत नियंत्रण आदेशाने बंधनकारक आहे. पावती मागताना लाजू नका. युरियाबरोबर नको ती बाटली गळ्यात बांधली, तर एकट्याने भांडू नका. दहा जण मिळून कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा.

जोतीरावांनी 1883 सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ग्रंथात डोंगरावरचा पालापाचोळा व गाळ शेतात मुरावा म्हणून ताली-बंधारे मागितले. आज आमचे शेणखत उकिरड्यावर उन्हात वाळते आणि आम्ही उधारीची गोणी डोक्यावर घेतो! हे कर्ज शेतकऱ्याच्या दारी थांबत नाही. त्याची मूठ आवळली की लोहाराचा भाता थंडावतो व सुताराचा वाकस गंजतो.

म्हणून गोण्या मोजणे सोडा, माती मोजा. आपल्या जमिनीस काय हवे, हे दुकानदाराने का ठरवावे?