घरच्या नोंदी दवाखान्याच्या दारातच अडतात!

मुंबई / खास प्रतिनिधी

रक्तदाब मोजण्याचे यंत्र, ग्लुकोमीटर आणि पल्स ऑक्सिमीटर ही साधने करोनाच्या साथीनंतर शहरी घरांत थर्मामीटरइतकीच परिचयाची झाली आहेत. वहीत किंवा मोबाइलमध्ये रोजचे आकडे टिपून ठेवणारे रुग्णही कमी नाहीत. मात्र, या नोंदींचे पुढे करायचे काय, याची घडी आपल्या आरोग्यव्यवस्थेत अद्याप बसलेली नाही. परिणामी, रुग्णाने चिकाटीने जमविलेली माहिती अनेकदा उपचारांपर्यंत पोहोचतच नाही.

वास्तविक, या माहितीचे वैद्यकीय मोल सिद्ध झाले आहे. डॉक्टरांसमोर बसताच काहींचा रक्तदाब वाढतो, तर काहींचा तेथे सामान्य आणि घरी चढा असतो. पहिल्यांना विनाकारण औषधे सुरू होण्याची भीती असते. दुसऱ्यांचा आजार दडून राहतो. ब्रिटनमध्ये १,१८२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सरासरी १४०.४ होता. घरी रक्तदाब मोजणाऱ्यांचा तो १३७, तर ते आकडे मोबाइलद्वारे कळविणाऱ्यांचा १३६ होता. औषध बदलण्याचा निर्णय सर्वच गटांत डॉक्टरांचा होता. फक्त नंतरच्या दोन गटांत तो घरच्या आकड्यांवर बेतलेला होता.

भारतात या मार्गाची निकड अधिक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियाब’ अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत आणि ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. दुसरीकडे, २०१७ च्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यात प्राथमिक तपासणीला मिळणारा वेळ स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे, तर भारतात जेमतेम दोन मिनिटे असल्याचे आढळले. एवढ्या वेळात महिनाभराची वही चाळावी कशी, हा डॉक्टरांचा प्रश्न गैरलागू म्हणता येणार नाही.

आकडे कितपत विश्वासार्ह?

डॉक्टरांची दुसरी शंका अचूकतेविषयी आहे. दंडाला लहान पडणारा पट्टा बांधल्यास रक्तदाब वाढीव दिसतो. कृष्णवर्णीय रुग्णांमधील ऑक्सिजनची घट ऑक्सिमीटरवर सुटून जाण्याचे प्रमाण अधिक असल्याचे २०२० मध्ये अमेरिकेतील संशोधनाने दाखविले; सावळ्या त्वचेच्या आपल्या समाजाने याची दखल घ्यायलाच हवी. शिवाय, रुग्णांच्या वहीतील साखरेचे आकडे आणि ग्लुकोमीटरच्या स्मृतीतील आकडे जुळत नसल्याचे १९८४ मध्येच उघड झाले होते. डॉक्टर रागावतील या धास्तीने वाईट आकडा गाळण्याचा मोह रुग्णाला होतो. यंत्र सुधारून हा दोष जाणार नाही. त्यासाठी डॉक्टर-रुग्ण संवादच सुधारावा लागेल.

केंद्र सरकारने २०२१ पासून रक्तदाब यंत्रे व ग्लुकोमीटर औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आणले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये अशा पाच साधनांवरील व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली. यंत्र घरी पोहोचविण्याचा प्रश्न त्यामुळे काही अंशी सुटला. आकडा डॉक्टरांपर्यंत पोहोचविण्याचा प्रश्न मात्र कायम आहे. मध्यरात्री पाठविलेला धोकादायक आकडा कोणी आणि किती वेळात पाहायचा? त्या कामाचे शुल्क कोणी द्यायचे? माहिती अ‍ॅप चालविणाऱ्या कंपनीकडे साठत असेल, तर तिचा वापर कोण करणार? वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. पण आरोग्यविषयक माहितीला त्यात संवेदनशील म्हणून वेगळा दर्जा नाही.

या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. सलग सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा रक्तदाब मोजावा, पहिला दिवस वगळून सरासरी काढावी आणि ती १३५/८५ किंवा त्याहून अधिक असल्यास डॉक्टरांनी विचार करावा, ही युरोपातील तज्ज्ञांची शिफारस अर्ध्या कागदावर मावणारी आहे. ती सरासरी परिचारिकाही काढू शकते. पालिकेच्या दवाखान्यांत केसपेपरवर त्यासाठी एक रकाना जरी ठेवला, तरी शेकडो आकड्यांऐवजी एकच आकडा डॉक्टरांसमोर येईल आणि तो वाचायला दोन मिनिटेही पुरेशी ठरतील.