पुण्याचे काम?

माझी मावशी विशेष शिक्षिका आहे. गावात जो तो तिला म्हणतो, ‘केवढं पुण्याचं काम करता हो!’ मित्रहो, मला या वाक्याची चीड येते. पुण्याला पगार मागायचा नसतो! प्राथमिक शाळेत अशा १० मुलांमागे १ विशेष शिक्षक हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. मावशी एकटी एस.टी.ने शाळा पालथ्या घालते, तीही कंत्राटावर.

माझ्या धाकट्या भावाला शर्टाची बटणे लावायला तिने पाच महिने शिकवले. सुरुवात शेवटच्या बटणापासून. तेही अर्धे काजात सरकवून द्यायचे, त्याने नुसते ओढायचे. मग पूर्ण, मग त्याच्या वरचे. ही नुसती माया नव्हे, हे शास्त्र आहे. ते शिकावे लागते.

आणि पुण्य-पुण्य म्हणणारे आम्ही? पाहुणे आले की भावाची रवानगी माडीवर. मीच कितीदा त्याला हाताला धरून वर नेले आहे. यंदा दिवाळीत तो पाहुण्यांदेखत जिना उतरून खाली आला. सगळी बटणे लावलेली, एक चुकलेले. कोणी काही बोलेना. आईने चहाचा एक कप वाढवला.