पर्यटन राजधानीची पाटी उतरवा

आमच्या छत्रपती संभाजीनगरला ‘महाराष्ट्राची पर्यटन राजधानी’ म्हणायला लागून बरीच वर्षं झाली. पाटी लागली, भाषणं झाली, सत्कारही उरकले. पाहुणा मात्र अजून तेच करतो. हॉटेलात बॅग टाकतो, एक दिवस वेरूळ, एक दिवस अजिंठा, तिसऱ्या दिवशी परतीची गाडी. शहर त्याच्या लेखी मुक्कामाची खोली. याचं आम्हाला वाईटही वाटत नाही, कारण आम्हीसुद्धा त्याला तेवढंच मानतो.

वास्तविक राजधानी हा शब्द या मातीला नवा नाही. पंधरा किलोमीटरवर यादवांची देवगिरी. तिच्यासाठी मुहम्मद तुघलकानं 1327 मध्ये दिल्ली हलवली. 1610 मध्ये मलिक अंबरनं खडकी वसवली, तेच आजचं आमचं शहर. हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि जहांगिराच्या हाती अखेरपर्यंत लागला नाही. पुढे 1653 मध्ये औरंगजेब सुभेदार म्हणून आला आणि गावाला ‘औरंगाबाद’ असं स्वतःचं नाव देऊन मोकळा झाला. हैदराबादच्या पहिल्या निजामाचा कारभारही इथूनच चाले. 1763 मध्ये राजधानी हैदराबादला गेली. एवढं सगळं एका तालुक्याच्या अंगणात घडलेलं असताना आम्ही पाहुण्याला काय सांगतो? ‘बावन्न दरवाजांचं शहर.’ त्यातले उभे किती, हे विचारलं की विषय बदलतो.

बीबीच्या मकबऱ्यावर चला. रिक्षावाला, गाईड, शाळेची सहल घेऊन आलेले मास्तर, सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: ‘हा गरिबांचा ताजमहाल.’ स्वतःच्या शहराची नालस्ती तिकीट लावून करणारे आपण बहुधा एकटेच. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगमची ही कबर ताजनंतरची, ताजपेक्षा कितीतरी कमी पैशांत बांधलेली, हे खरं. घुमट संगमरवरी आणि खाली बराचसा चुन्याचा गिलावा, हेही खरं. पण त्या गिलाव्यातली वेलबुट्टी कधी हातभर अंतरावरून पाहिलीय? अताउल्ला हा वास्तुकार, हंसपतराय हा अभियंता, दोघांची नावं इथल्या लेखात आहेत. आत कबर खालच्या पातळीवर, भोवती संगमरवराची अष्टकोनी जाळी, आपण वरून वाकून बघायचं. आणि वाकून आम्ही काय करतो, तर नाणी फेकतो. मग बाहेर येऊन मिनाराला पाठ लावून फोटो. गिलाव्याचे पोपडे सुटलेत, तिकडे बोट दाखवणारा एखादाच.

संग्रहालयांचं तर विचारू नका. एका संग्रहालयात पुण्याच्या मावसभावाला घेऊन गेलो. आत आम्ही दोघेच. एक माणूस आमच्यापुढे दिवे लावत जायचा आणि मागे विझवत यायचा. काचेच्या कपाटात एक तलवार होती. खाली चिठ्ठी: ‘तलवार’. ती तलवार आहे हे दिसतच होतं हो! ती कुणाची, कुठे सापडली, कोणत्या घडणीची, यातलं काही नाही. मावसभाऊ सभ्य, काही बोलला नाही. मला मात्र कपाळावर हात मारावासा वाटला.

नावासाठी मात्र आमची सगळी शक्ती शाबूत असते. शहराच्या नामांतराच्या बाजूनं मोर्चे, विरोधात मोर्चे, दोन्हीकडे घसा बसेपर्यंत घोषणा. या दोन्ही मोर्च्यांतल्या माणसांना पकडून विचारा, विद्यापीठामागच्या डोंगरातली लेणी पाहिलीत का? सातव्या लेण्यात मधोमध नाचणारी स्त्री आणि भोवती वाद्यं घेतलेल्या स्त्रिया आहेत. अजिंठा-वेरूळला जाणाऱ्या गाड्या त्यांच्यासाठी थांबत नाहीत, आणि आम्ही तर राहतोच इथे, मग जायची घाई कसली! 2025 च्या मार्चमध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून राज्य पेटलं, खुलताबादेत कॅमेऱ्यांची गर्दी झाली. त्याच खुलताबादेत मलिक अंबरची कबर आहे. शहर वसवणाऱ्याकडे एक कॅमेरा वळलेला मला तरी दिसला नाही.

पाणचक्कीचं तर मला हसूच येतं. दूरच्या झऱ्याचं पाणी खापरी नळांतून आणून उंचावरून सोडायचं, त्यावर जातं फिरवायचं आणि दर्ग्यातल्या फकिरांच्या, विद्यार्थ्यांच्या पोटाची सोय करायची. वर पाण्यानं भरलेला हौद आणि त्याच हौदाच्या तळाखाली लोकांना बसायला थंडगार दालन. मलिक अंबरची नहर या पाणचक्कीच्याही शंभरेक वर्षं आधीची. हे सगळं कौतुकानं बघायचं आणि घरी येऊन शेजारणीला विचारायचं, ‘वहिनी, आपल्याकडे नळ कोणत्या दिवशी?’ पैठणचा नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर भरलेला असताना!

जपानी कर्जातून अजिंठ्याला दिमाखदार अभ्यागत केंद्र उभारलं, ते बिलांच्या थकबाकीपायी बंद पडलं. 2023 च्या फेब्रुवारीत जी-20 च्या पाहुण्या येणार म्हणून भिंती रंगवल्या, दिव्यांच्या माळा लावल्या. म्हणजे रंग होता, माणसं होती, पैसाही होता. फक्त आपल्यासाठी नव्हता.

मला नवे प्रकल्प नकोत. प्रत्येक दरवाजाशी मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजीत चार खरी वाक्यं लिहा. ‘तलवार’ ही चिठ्ठी काढून तिथे माहिती लावा. भडकल दरवाजा मलिक अंबरनं मोगलांवरच्या विजयासाठी बांधला, हे त्याच्याजवळून रोज स्कूटर काढणाऱ्या पोराला शाळेत शिकवा. मिलिंद महाविद्यालयाचं नागसेनवन पाहुण्यांच्या नकाशावर घाला. बाबासाहेबांनी हे शहर शिक्षणासाठी निवडलं, तेही पाहण्यासारखंच आहे. एवढंही जमणार नसेल तर ती पर्यटन राजधानीची पाटी सन्मानानं उतरवा. आणि वाचकहो, येत्या रविवारी आधी तुम्ही मकबऱ्यावर जा, पण तो ‘गरिबांचा ताजमहाल’ घरी ठेवून जा.