शैक्षणिक वर्ष म्हणजे कोणते वर्ष?



मागे एका रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर एक भगिनी मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या. चार घरची धुणीभांडी करून त्या मुलाला शिकवतात. त्याचा मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला होता. कागद पाहिले. मुलाने बारावीची परीक्षा फेब्रुवारी 2024 मध्ये दिलेली. अर्जात बारावीचे शैक्षणिक वर्ष लिहिले 2024-25 आणि कॉलेजचे पहिले वर्षही 2024-25! एका वर्षात दोन इयत्ता कशा होतील?

मुलगा हुशार आहे. पण हा शब्द त्याला कोणी समजावूनच दिला नव्हता.

कॅलेंडरचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर. आर्थिक वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च. शैक्षणिक वर्ष मात्र जूनमध्ये शाळा उघडते तिथून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. ते दोन सालांत येते, म्हणून जोडून लिहितात. त्यामुळे फेब्रुवारी 2024 ची बारावी ही 2023-24 चीच.

दुसरी गफलत उत्पन्नाच्या दाखल्यात होते. त्यावरही जोडसाल असते, पण ते आर्थिक वर्षाचे. शैक्षणिक वर्ष 2024-25 च्या अर्जाला आदल्या, म्हणजे 2023-24 या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचा दाखला लागतो. दोन्हीकडे एकच साल शोधू नका.

तिसरी गोष्ट, शिष्यवृत्ती एकदा मिळाली म्हणून कायमची मिळत नाही. दर शैक्षणिक वर्षी तिचे नूतनीकरण व्हावे लागते.

ही शिष्यवृत्ती कुणाची मेहेरबानी नाही. बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना आपल्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारकडे आग्रह धरला आणि 1944 साली ती सुरू झाली. इतक्या कष्टाने मिळालेला हक्क एका आकड्यापायी हातचा जाऊ द्यायचा का?

म्हणून आज घरी एक काम करा. एक वही घ्या. पहिलीपासून प्रत्येक इयत्तेपुढे शैक्षणिक वर्ष लिहा. गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला समोर ठेवून ताडून पाहा. मध्ये एखादे वर्ष सुटले असेल, तर त्याचे कारणही लिहून ठेवा. वही मुलांकडूनच लिहून घ्या. अडले तर शेजारच्या शिकलेल्या मुलीला विचारा, विहारात या. विचारण्यात कमीपणा नाही.

त्या मुलाचा अर्ज आम्ही तिथेच बसून दुरुस्त केला. तुमच्या मुलांचा अर्ज परत येण्याआधीच नीट पाहून घ्या.

जयभीम!