मुतखडा फोडायला जाण्यापूर्वी



पोलादपूरकडील एका वाचकांनी विचारले आहे : "डॉक्टर ऑपरेशनशिवाय मुतखडा फोडू म्हणतात. लावणी तोंडावर आली आहे. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल का?"

पुष्कळदा येता येते. यंत्राखाली पाऊण ते एक तासच पडून राहावे लागते. मात्र तयारी आठ-दहा दिवस आधी सुरू करावी लागते, आणि तीच बहुतेक जण टाळतात.

या उपचाराला गावात सरसकट 'लेसर' म्हणतात, पण हा लेसर नव्हे. बाहेरून आघातलहरी सोडतात. त्या मांसातून पार होऊन कठीण खड्यावर आपटतात आणि सुकल्या ढेकळासारखा त्याचा चुरा करतात. १९८० साली जर्मनीत म्युनिक येथे माणसावर पहिला प्रयोग झाला. यंत्र बनवले डॉर्नियर या विमाने बांधणाऱ्या कंपनीने! साधारण दोन सेंटीमीटरपर्यंतच्या खड्याला हा उपचार चालतो. खडा फार टणक असला तर दुसरी खेप पडते.

यंत्र खडा फोडते, बाहेर काढत नाही. चुरा लघवीवाटेच जायचा. म्हणून आधी लघवीची तपासणी करतात. तिच्यात जंतुदोष असला तर तो प्रथम बरा करावा लागतो, नाहीतर विष रक्तात भिनते.

हृदयविकार किंवा पक्षाघातानंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या पुष्कळांना चालू असतात. त्यांमुळे मूत्रपिंडात रक्तस्राव होऊ शकतो. तेव्हा सगळ्या गोळ्यांची पाकिटेच डॉक्टरांपुढे ठेवा. पण शेजाऱ्याने सांगितले म्हणून त्या परस्पर बंद करू नका. त्यात जीव जाऊ शकतो. कधी थांबवायच्या आणि कधी सुरू करायच्या, हे डॉक्टरच ठरवतील. रक्तदाब, हृदयातील पेसमेकर, हेही सांगावे. गरोदरपणी हा उपचार करत नाहीत. पाळी चुकली असेल तर बहिणींनी लाजू नये.

जुने एक्स-रे, सोनोग्राफीचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत न्यावेत. (जुलै २०२१ चा पूर पाहिलेल्या महाडकरांना हे सांगायला नको.) रेशनकार्ड, आधारकार्डही घ्यावे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा खर्च बसतो का, ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच विचारावे. ही योजना २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम आली, त्यांत आपला रायगड होता.

उपाशीपोटी किती तास राहायचे ते विचारून घ्या. सोबत माणूस हवाच. गुंगीचे औषध दिले असेल तर त्या दिवशी मोटरसायकल हाती घेऊ नये, घाटात तर नाहीच.

घरी आल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, त्याला भिऊ नये. लघवी गाळून खड्याचे तुकडे जपून ठेवावेत. ते तपासून खडा कशाचा ते कळते. परंतु थंडी वाजून ताप आला, लघवी अडली किंवा कळा थांबेनात, तर रात्र असली तरी तडक रुग्णालय गाठावे. कुळथाचे कढण प्यायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर तापात घरी बसू नये.

आणि पाणी. ज्या महाडात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह केला, तिथे पाण्याचे मोल मी काय सांगावे! एवढा पाऊस पडूनही उन्हाळ्यात डोंगरातल्या वाड्या टँकरची वाट पाहतात. घाम गळतो, पाणी कमी पडते, लघवी दाट होते आणि खडा धरतो. आडोसा नाही म्हणून बायका शेतावर दिवसभर तहान मारतात, ते वेगळेच. दिवसाकाठी अडीच-तीन लिटर पाणी पोटात जावे. हृदयाचे वा मूत्रपिंडाचे जुने दुखणे असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

राहिली लावणी. डॉक्टर सांगतील तितके दिवस ती भावकीकडे सोपवा, आणि तारीख घेतानाच त्यांच्याशी तसे बोलून ठेवा.