दहा सेकंदांचा मिस्ड कॉल

रात्री मोबाईल सायलेंटवर टाकून झोपता? मग एक करिअर तुमच्यासाठी नाहीच: गॅमा किरणांचे स्फोट पकडणाऱ्या खगोलशास्त्रज्ञाचं.

२३ एप्रिल २००९. आपल्याकडे दुपारचे १ वाजून २५ मिनिटं, ऐन लंच टाइम. नासाच्या ‘स्विफ्ट’ उपग्रहाला सिंह राशीत एक स्फोट जाणवला. जेमतेम दहा सेकंद, की खेळ खल्लास! तेवढ्यात आपला डबासुद्धा उघडत नाही, बॉस. पण स्विफ्टचा अलर्ट जगभर गेला. हवाईमध्ये तेव्हा रात्रीचे दहा वाजत आले होते. तिथल्या मौना केआ डोंगरावरची ‘यूकर्ट’ ही ३.८ मीटरची इन्फ्रारेड दुर्बीण वीसेक मिनिटांत तिकडे वळली. स्फोट केव्हाच संपलेला, पण मागे त्याची धग उरते, तीच शोधायची. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात त्या जागी शून्य. इन्फ्रारेडमध्ये मात्र एक ठिपका!

मंडळी, हे ‘शून्य’ हीच खरी बातमी होती. विश्व पसरतं तसा प्रवासातला प्रकाशही ताणला जातो. इथे तर नऊ पटींहून जास्त. निघताना जो अतिनील होता, तो पोचेपर्यंत इन्फ्रारेड झाला. त्याहून आखूड लहरी वाटेतल्या हायड्रोजनने गिळल्या. म्हणजे प्रकरण प्रचंड लांबचं.

पण ‘लांबचं’ म्हणून भागत नाही, वर्णपट हवा. हवाईत उजाडलं, तशी ड्युटी पुढे सरकली. ला पाल्मा बेटावरची इटालियन दुर्बीण आणि चिलीतली व्हीएलटी यांनी चोवीस तासांच्या आत तो मिळवला. विश्व अवघं ६३ कोटी वर्षांचं असताना मेलेला तारा! तोवर माहीत असलेली ही सगळ्यात दूरची वस्तू ठरली.

आणि सहाच दिवसांनी, २९ एप्रिलला, पुन्हा तसाच स्फोट. त्याच डोंगरावरच्या जेमिनी दुर्बिणीने इन्फ्रारेड फोटो काढले. रंगांवरून वाटत होतं, हा आधीच्यापेक्षाही लांबचा. वर्णपट घ्यायला गेले, तर हवामान बिघडलं. टीमवर काय वेळ आली असेल, कल्पना करा! धग विझत गेली. २०११ मध्ये अंतराचा अंदाज छापून आला, तो रंगांवरूनच. नंतर हबलने त्या जागी निरखून पाहिलं. तिथे काहीच दिसलं नाही.