परिचारिकेची नोंद कोणत्या रकान्यात लिहावी?

संगणकीकृत आरोग्य-अभिलेखांचे मानक ठरविणाऱ्या अधिकारी मंडळींस,

परिचारिकेच्या नोंदींविषयी मी केलेल्या मागील अर्जांतील मजकूर येथे पुन्हा उतरवून काढीत नाही. तो आपल्या दफ्तरी आहेच, आणि ‘अर्ज योग्य त्या शाखेकडे वर्ग करण्यात आला आहे’ अशी पोच धाडण्याचे सौजन्यही आपण दाखविले आहे. ती योग्य शाखा कोणती, हे मात्र अद्याप कोणी कळविले नाही. सबब हे पत्र उघडपणे लिहिणे भाग पडले.

साधनांची वाण आहे असे आपल्याला म्हणता येणार नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आरोग्य-अभिलेखांची मानके २०१३ साली प्रसिद्ध केली, २०१६ च्या डिसेंबरात ती सुधारून पुन्हा जाहीर केली, आणि वैद्यकीय परिभाषेसाठी त्यांत स्नोमेड सीटीची निवड केली. भारत २०१४ पासून ती परिभाषा चालविणाऱ्या संस्थेचा सभासद असल्यामुळे येथील रुग्णालयांना त्या परिभाषेच्या वापरासाठी दमडीही मोजावी लागत नाही, आणि या मानकांचे राष्ट्रीय केंद्र तर पुण्यात, सी-डॅकमध्येच आहे. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९८९ पासून परिश्रमपूर्वक घडविलेले परिचर्येचे वर्गीकरण, ज्याला आयसीएनपी म्हणतात, तेही २०२१ साली याच स्नोमेडमध्ये समाविष्ट झाले. म्हणजे संज्ञा सिद्ध, परवाना सिद्ध, कचेरी हाकेच्या अंतरावर. आणि तरीही मी पाहिलेल्या एकाही वॉर्डातील संगणकावर परिचारिकेसाठी ‘नर्सेस नोट्स’ या नावाच्या एका रिकाम्या चौकटीपलीकडे काही नाही.

आता मुख्य गाऱ्हाणे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले, नागरिकाला १४ अंकी आभा क्रमांक मिळू लागला, आणि त्या क्रमांकाला कोणत्या प्रकारचे अभिलेख जोडावयाचे याचे नमुने पुण्याच्या केंद्राने तयार केले. प्रारंभी ते ७ होते: बाह्यरुग्ण तपासणी, औषधचिठ्ठी, डिस्चार्ज समरी, तपासण्यांचे अहवाल, लसीकरण, सर्वसाधारण आरोग्य-दस्तऐवज आणि ‘वेलनेस’. या शेवटच्या नमुन्यात धडधाकट मनुष्य दिवसाकाठी किती पावले चालला, किती तास झोपला, हे लिहिण्याची तजवीज आहे. पुढे ८ वा नमुना आला, तो बिलाचा. पण अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दर २ तासांनी, म्हणजे दिवसातून १२ वेळा, कुशीवर वळविणाऱ्या हातांसाठी या ८ नमुन्यांत एकही स्वतंत्र नमुना नाही. १ जानेवारी २०२३ पासून जोडलेल्या अभिलेखांच्या संख्येवर रुग्णालयांना ४ कोटी रुपयांपर्यंत प्रोत्साहन देऊ करण्यात आले. संख्या मोजण्याची ही तत्परता आशयाच्या वाट्याला कधी यावयाची?

याचे फळ काय होते ते चाकणमध्ये राहून पाहावे. औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात उंचावरून पडून पाठीचा मणका मोडलेला एक परप्रांतीय कामगार येथील लहानशा इस्पितळातून पिंपरीकडील मोठ्या रुग्णालयात हलविला गेला. त्याच्या माकडहाडावर जखम होऊ लागली होती. सकाळपाळीच्या सिस्टरने ‘रेडनेस प्लस’ लिहिले, दुपारपाळीने ‘बेडसोर ग्रेड वन’, आणि रात्रपाळीने, तिच्या अंगावर त्या रात्री अख्खा वॉर्ड होता म्हणून, ‘ऑल केअर गिव्हन’ एवढेच. त्याचा एक्स-रे डायकॉमच्या नियमाबरहुकूम संगणकातून बिनबोभाट गेला; रक्ताच्या तपासण्यांना लॉइंकचे संकेत होते; निदानाला आयसीडी-१० चा क्रमांक होता. जखमेची पायरी, तिची लांबी-रुंदी, अशा जखमेचा धोका सांगणाऱ्या ब्रेडन मापनाच्या ६ बाबींची ६ ते २३ मध्ये येणारी बेरीज, किती वाजता कोणत्या कुशीवर वळविले, यांतील काहीच गेले नाही. नव्या ठिकाणी जखम चिघळली, आणि ती मुळात कोठे झाली हे ठरविण्याची वेळ आली तेव्हा लेखी खुलासा मागविला गेला तो तिन्ही पाळ्यांच्या मुलींकडून. कागद मुका, म्हणून माणसे दोषी.

ज्या खेड तालुक्यात कारखान्यांसाठी गेलेल्या शिवारांचा गुंठा न् गुंठा सातबाऱ्याच्या ठराविक रकान्यांत नोंदला जातो, आणि कोणत्याही गावचा तलाठी तो उतारा वाचू शकतो, तेथे जिवंत माणसाच्या पाठीवरील जखमेला मात्र रकाना नसावा, हे मला तरी न उलगडणारे कोडे आहे. डॉक्टरांविषयी माझी तक्रार नाही. त्यांची परिभाषा त्यांनी झगडून मिळविली. परंतु परिभाषा नसल्याचा फटका आम्हाला मनुष्यबळातही बसतो. परिचारिकांची संख्या रुग्णखाटा मोजून ठरते, सर्वसाधारण रुग्णालयात ५ रुग्णांमागे १ हा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक, आणि तोही बहुतेक कागदावरच. त्या खाटेवर किती काम पडले हे कोणत्याही अभिलेखात मोजता येईल अशा रूपात उतरतच नसल्यामुळे माणसे वाढवून मागणाऱ्या अधिसेविकेच्या हाती पुरावा म्हणून काहीही राहत नाही. ‘काम दिसत नाही’ असे तिला सुनावले जाते. ते दिसू नये अशी व्यवस्था करून ठेवणाऱ्यांनी ते सुनावावे, हे विशेष.

स्नोमेडमध्ये साडेतीन लाखांहून अधिक संकल्पना आहेत. त्या सर्व आम्हाला नकोत. हवे आहे ते एवढेच. वॉर्डात रोज लागणाऱ्या काही शे संज्ञांचा संच, प्रत्यक्ष पाळ्या करणाऱ्या परिचारिकांना बसवून निवडलेला. बोटाने निवडता येईल अशी पडद्यावरील यादी, जिच्यावर मराठीतही शब्द असतील. आणि परिचर्या-अभिलेखाचा ९ वा नमुना, जो रुग्णाबरोबर निघेल आणि रुग्णवाहिकेच्या आधी पोचेल. मसुदा कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढे दोनच प्रश्न आहेत. उत्तर देताना अर्ज पुन्हा योग्य शाखेकडे वर्ग करावयाचा झाल्यास कृपया त्या शाखेचा पत्ताही सोबत लिहावा. पुढचा अर्ज मी स्वतःच तेथे नेऊन देईन.

चाकण येथील
एक निवृत्त परिसेविका